झिर्कोनियाची कांडी : नर्न्स्टच्या दिव्यापासून मोटारीच्या धुराड्यापर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गाडी चालत होती. पण लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी ती बारावर आली होती. गॅरेजमधल्या तरुण मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला हातात मावणारे एक यंत्र जोडले. पडद्यावर ‘पी ०१७१’ असा संकेत उमटला. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय सर, बदलून टाकू,’ असे म्हणून त्याने तो बदलला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला.

तो का लागला हे पुढे सांगूच. पण जुना सेन्सर आम्ही मागून घेतला होता. स्पार्क प्लगएवढा, काजळी धरलेला, टोकाला फटी असलेली धातूची टोपी. ती टोपी करवतीने कापली तर आत पांढरट चिनी मातीसारखी एक पोकळ कांडी निघाली, शिवणकामाच्या अंगुस्तान्यासारखी, एका बाजूने बंद. ही कांडी झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची. तिचा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका दिव्यापासून.

जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात वाल्थर नर्न्स्ट हा भौतिक रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने विद्युतघटाचा दाब आणि द्रावणांची संहती यांचे नाते सांगणारे समीकरण मांडले. बारावीच्या रसायनशास्त्रात विद्यार्थी ज्याच्याशी झगडतात तेच हे नर्न्स्टचे समीकरण. १८९७ च्या सुमारास तो वेगळ्याच उद्योगाला लागला. त्या काळी विजेचे दिवे कार्बनच्या तंतूचे असत. ते निर्वात काचगोळ्यात ठेवावे लागत आणि त्यांचा प्रकाश पिवळट, मंद असे. नर्न्स्टने झिर्कोनियात सुमारे १५ टक्के यट्रिया, म्हणजे यट्रियम ऑक्साइड, मिसळून बारीक कांडी केली. थंड असताना ती विजेला दाद देत नसे. पण आधी ज्योतीवर तापवली की तिच्यातून वीज वाहू लागे, त्या विजेने ती आणखी तापे आणि शुभ्र प्रकाश देई. मुळातच ऑक्साइड असल्याने ती उघड्या हवेत जळून जाण्याची भीती नव्हती. एईजी या जर्मन कंपनीने या दिव्याचे हक्क घेतले. त्याबद्दल नर्न्स्टला दहा लाख मार्क मिळाले असे सांगतात. दिवा मात्र फार वर्षे टिकला नाही. पेटायला अर्धा मिनिट घेणाऱ्या दिव्याला टंगस्टनच्या तंतूने लवकरच बाजूला सारले.

यातली एक गंमत नोंदवायला हवी. नर्न्स्टला मोटारींचा भारी नाद होता आणि गटिंगेनमधल्या अगदी सुरुवातीच्या मोटारमालकांत त्याची गणना होते. आपल्या दिव्याची कांडी पुढे कोट्यवधी मोटारींच्या पोटाखाली जाऊन बसेल, हे मात्र त्याला कधीच कळले नाही. १९४१ मध्ये तो वारला.

आता प्रश्न असा, की या कांडीतून वाहते ते काय? धातूत इलेक्ट्रॉन वाहतात. मिठाच्या पाण्यात आयन वाहतात. ही तर घन, चिनी मातीसारखी वस्तू. नर्न्स्टचा कयास होता की तिच्यातही आयनच वाहतात. पण दगडासारख्या घन पदार्थात आयन सरकतील कसे, याचे उत्तर १९४३ मध्ये कार्ल वाग्नर या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. झिर्कोनियम आयनावर चार धन भार असतात, यट्रियमवर तीन. स्फटिकात दोन झिर्कोनियमच्या जागी दोन यट्रियम बसवले तर दोन धन भार कमी पडतात. हिशेब जुळण्यासाठी दोन ऋण भारांचा एक ऑक्सिजन आयन गैरहजर राहतो आणि त्याची जागा रिकामी पडते. भरलेल्या वर्गात एक बाक रिकामा असला की शेजारचा मुलगा तिथे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा, आणि रिकामी जागा वर्गभर फिरते. तापलेल्या झिर्कोनियात ऑक्सिजनचे आयन नेमके असेच सरकतात. इलेक्ट्रॉनांना मात्र ही वाट जवळजवळ बंद असते.

या गुणामुळे ही कांडी म्हणजे आयतीच विद्युतघटाची भिंत झाली. तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर द्यावा, एका बाजूला नेहमीची हवा ठेवावी, दुसऱ्या बाजूला ज्याची परीक्षा करायची तो वायू. दोन्हीकडे ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असेल तर दोन थरांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, आणि तो किती हे नर्न्स्टचेच १८८९ चे समीकरण सांगते. अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेतल्या वाइसबार्ट आणि रूका यांनी १९६१ मध्ये या तत्त्वावरचा ऑक्सिजनमापक प्रसिद्ध केला. अवजार तयार होते. त्याची गरज निर्माण झाली ती लॉस एंजेलिसमध्ये.

डोळे झोंबणारे शहर

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर एक तपकिरी धुके उतरले. डोळे झोंबू लागले, घसा खवखवू लागला. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय अशी शंका लोकांना आली. मग कृत्रिम रबराच्या कारखान्यावर बोट ठेवले गेले. तरी धुके येतच राहिले. खरा गुन्हेगार सापडायला पाचसात वर्षे गेली, आणि तो शोधला अननसाच्या स्वादावर संशोधन करणाऱ्या एका माणसाने. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होता. अननसाचा वास गोठवून पकडण्याची जी युक्ती तो वापरी, तीच त्याने शहरातल्या हवेला लावली. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, हे त्याने १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिले. तेल आणि मोटार उद्योगांना हे पटवून घ्यायचे नव्हते. हागेन-स्मिट शांत स्वभावाचा होता, पण मागे हटला नाही. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला.

उपाय कोणता, हे खरे तर आधीच सुचले होते. युजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने उत्प्रेरकाच्या साहाय्याने पेट्रोल बनवण्याची रीत शोधली होती. त्यानेच १९५६ मध्ये मोटारीचा धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरक डब्याचे पेटंट मिळवले. पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे मिसळत. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली याने टेट्राएथिल लेड मिसळल्याने इंजिनाची ठोकठोक थांबते हे शोधले होते, आणि जगभर ते पेट्रोलात जाऊ लागले होते. हे शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करी. मुलांच्या मेंदूवर शिसे काय परिणाम करते ते वेगळेच. शिसे गेल्याशिवाय उत्प्रेरक येणार नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक मोटारींत उत्प्रेरक डबे आणि शिसेविरहित पेट्रोल आले. आमच्या मते माणसांच्या आरोग्याला या साऱ्या प्रकरणातून सर्वांत मोठा लाभ झाला तो हा, आणि तो जवळजवळ आडवाटेने.

हे पहिले डबे दोनच कामे करीत : कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन जाळणे. त्यासाठी धुरात जादा ऑक्सिजन हवा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मात्र उलटे आहे. त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, तर धुरात जादा ऑक्सिजन असता कामा नये. एंगेलहार्ड कंपनीतले कार्ल कीथ, जॉन मूनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवले, की प्लॅटिनम आणि ऱ्होडियम असलेला एकच डबा तिन्ही कामे करू शकतो. अट एकच. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके हवे : वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, हा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. या नेमक्या प्रमाणाला अभियंते ‘लॅम्डा बरोबर एक’ म्हणतात. यापासून टक्काभर इकडेतिकडे सरकले की तीनपैकी एखादे काम बिघडते. कार्ब्युरेटरला एवढी अचूकता झेपणारी नव्हती. धूर तपासून क्षणोक्षणी इंजिनाला ‘कमी कर’, ‘वाढव’ असे सांगणारे कोणीतरी हवे होते.

ते काम झिर्कोनियाच्या कांडीने केले. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यावर काम सुरू केले होते. स्पार्क प्लगच्या निमित्ताने तापणाऱ्या सिरॅमिकचा तिला दांडगा अनुभव होता, आणि सेन्सरचे रूप प्लगसारखे दिसते ते उगीच नाही. कडाक्याच्या थंडीपासून लाल तापलेल्या धुरापर्यंत, धक्के खात, कांडी तडकू न देणे हे अवघड काम होते. शुद्ध झिर्कोनिया सुमारे ११७० अंश सेल्सिअसला आपली स्फटिकरचना बदलतो आणि थंड होताना फुगून तडकतो. यट्रिया मिसळल्याने ते टळते. एकाच मिश्रणाने वीज वाहण्याची सोय होते आणि कांडीही टिकते. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर उत्पादनात आला आणि स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने कॅलिफोर्नियात विकायच्या, १९७७ च्या मॉडेलच्या मोटारींत तो तीनकामी उत्प्रेरकासह बसवला.

एक आकडेमोड

आता हा सेन्सर किती विद्युतदाब देतो ते पाहू. ७०० अंश सेल्सिअसला नर्न्स्टचे समीकरण सांगते, की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या दर दहापट फरकामागे सुमारे ४८ मिलिव्होल्ट मिळतात. हवेत २१ टक्के ऑक्सिजन. पेट्रोल थोडे कमी पडले आणि धुरात २ टक्के ऑक्सिजन उरला, तर फरक साधारण दहापट. म्हणजे सेन्सर फक्त ०.०५ व्होल्ट दाखवणार. पेट्रोल थोडे जास्त झाले तर? प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावतो. मग शिल्लक ऑक्सिजनचा दाब वातावरणाच्या १०⁻²⁰ पट इतका क्षुल्लक होतो. फरक एकोणीस दहापटींहून थोडा जास्त, म्हणजे विद्युतदाब ०.९३ व्होल्ट. हवा-पेट्रोलच्या प्रमाणात किंचित बदल, आणि विद्युतदाब एकदम अठरा-एकोणीस पट. अभियंत्यांना हवी होती ती हीच खडी पायरी.

इथे एक विद्यार्थी नक्की अडवील, आणि त्याने अडवावेच. १०⁻²⁰ पट दाब म्हणजे त्या तापमानाला सुमारे १३ घनसेंटिमीटरमध्ये ऑक्सिजनचा एक रेणू! सेन्सर तो रेणू मोजतो की काय? नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू भरपूर आहेत; तेच प्लॅटिनमवर ऑक्सिजनची देवघेव करतात आणि दाब ठरवतात. १०⁻²⁰ हा आकडा त्या देवघेवीतल्या समतोलाचे दुसरे नाव आहे.

सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. त्याचे उत्तरही ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढेच. किती जास्त, ते तो सांगत नाही. इंजिनाचा संगणक ०.४५ व्होल्ट ही मधली रेषा धरतो. वर गेले की पेट्रोल कमी करतो, खाली आले की वाढवतो. दोरीवरचा डोंबारी सतत डावीउजवीकडे झुकत तोल राखतो, तसे इंजिन सेकंदाला एखाददुसऱ्या वेळी इकडून तिकडे झुकत असते. निरोगी सेन्सरचा आलेख म्हणून सतत वरखाली होणारा दिसतो. सरळ रेषा दिसली की काळजी करावी. १९८२ पासून सेन्सरमध्ये विजेचा तापक आला, त्यामुळे तो इंजिन सुरू होताच लवकर जागा होऊ लागला. प्रत्यक्ष प्रमाण सांगणारे ‘वाइडबँड’ सेन्सर १९९० नंतरच्या दशकातले. त्यांना वरची परीक्षा लागू नाही.

ताप आणि थर्मामीटर

१९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना ओबीडी-दोन ही स्वयंनिदानाची व्यवस्था सक्तीची झाली. उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर बसू लागले. पहिला धडपडत असतो. डबा चांगला असेल तर दुसरा जवळजवळ स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला की डबा थकला असे संगणक ठरवतो आणि पी ०४२० हा संकेत देतो. सेन्सरचा तापक तुटला तर पी ०१३५, उत्तर मंदावले तर पी ०१३३.

मात्र संकेत म्हणजे निदान नव्हे. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही. गॅरेजांत मात्र हे रोज घडते. आमच्या गाडीत सेन्सर ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असे सांगत होता आणि ते खरेच होते. इंजिन आणि सेन्सर यांच्या मधल्या नळीच्या जोडाला केसाएवढी चीर पडली होती. धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो. दोन झटक्यांच्या मध्ये नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि चिरेतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती दिसली. संगणकाने समजूत करून घेतली की पेट्रोल कमी पडते आहे आणि तो ते वाढवत राहिला. म्हणून लिटरमागचे किलोमीटर घटले. दुसऱ्या एका वयस्कर फिटरने इंजिन थंड असताना सुरू करून चिरेपाशी साबणाचे पाणी सोडले, बुडबुडे दाखवले आणि जोड बदलला. साडेतीन हजारांचा नवा सेन्सर विनाकारण बसला होता.

असाच चकवा ठिणगी चुकल्यावर बसतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर पेट्रोल न जळता बाहेर येते. मिश्रण ‘जास्त’ वाटायला हवे. पण त्या सिलिंडरमधला ऑक्सिजनही न वापरता बाहेर आलेला असतो, म्हणून सेन्सर ‘कमी’ म्हणतो. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला लावून मग उत्तर सांगण्याजोगा हा प्रश्न आहे.

अर्थात सेन्सर खरेच मरतातही. शिसे, झिजलेल्या इंजिनातून जळणाऱ्या तेलातला फॉस्फरस आणि गॅस्केटला लावलेल्या सिलिकोनच्या चिकटपट्टीतून उडणारे सिलिकॉन प्लॅटिनमची छिद्रे बुजवतात. काजळीने झाकलेला सेन्सर काही वेळा पुन्हा सावरतो, शिशाने मेलेला सावरत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी गळती, ठिणगी आणि वायरी पाहाव्यात. मग तापकाचा रोध मोजावा. मग गरम इंजिनावर, ज्याचा स्वतःचा रोध खूप मोठा आहे अशा डिजिटल मापकाने सेन्सरचा दाब पाहावा. हवेच्या मार्गात थोडा ज्वलनशील वायू सोडल्यावर तो झटकन ०.८ व्होल्टच्या वर आणि हवेची एखादी नळी काढल्यावर झटकन ०.२ च्या खाली गेला, तर सेन्सर जिवंत आहे. बदलायचाच असेल तर आटे किंचित कोमट असताना, वायरीसाठी फट असलेल्या २२ मिलिमीटरच्या पान्याने तो सोडवावा. नव्याच्या आट्यांना जॅम न होण्याचे वंगण लावावे, टोकाला ते लागू देऊ नये. वायरीच्या जोडाला ग्रीस फासू नये. बऱ्याच सेन्सरांत तुलनेची हवा वायरींच्या तंतूंमधूनच आत जाते.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक डबे सक्तीचे झाले. त्यातल्या पुष्कळ गाड्यांत कार्ब्युरेटरच होता. डबा आला, पण त्याला सांभाळणारा सेन्सर नव्हता. शहराबाहेर पडल्यावर शिसेयुक्त पेट्रोल भरले की डब्याचे आयुष्य संपे. फेब्रुवारी २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगातून मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल संपायला मात्र २०२१ उजाडले. शेवटचा देश अल्जीरिया. नंतरची मानके एकेक करून कडक होत गेली. त्यांच्या चाचण्या जिथे होतात त्यांपैकी एक संस्था, एआरएआय, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा मानक लागू झाले आणि झिर्कोनियाची कांडी स्कूटर-मोटारसायकलींतही सर्रास आली. बीएस-चार आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींच्या पीयूसी पावतीवर ‘लॅम्डा’ अशी एक ओळ असते, ती ०.९७ ते १.०३ यांमध्ये असावी लागते.

आमच्या गाडीतून निघालेला दुसरा सेन्सर, म्हणजे काही महिन्यांनी तापक तुटल्यामुळे खरोखरच बदलावा लागलेला, आम्ही एका शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. त्याची सिग्नलची वायर आणि भूयोजनाची वायर मापकाला जोडली, धड लाकडी चिमट्यात धरले आणि टोक बर्नरच्या ज्योतीत धरले. मिनिटभर काहीच झाले नाही. टोपी लालसर दिसू लागली तसा काटा, म्हणजे आता आकडाच, हलला : ०.२, ०.५, ०.८. ज्योतीतला आतला भाग इंधनाने समृद्ध असतो, हवा सेन्सरच्या पोटात. टोक ज्योतीबाहेर काढताच आकडा शून्याकडे घसरला, कारण आता दोन्हीकडे हवाच होती. पुन्हा आत, पुन्हा ०.८. मुलींनी हे वीसेक वेळा केले. सातवी-आठवी वेळ झाल्यावर एकीने विचारले, की टोक ज्योतीच्या अगदी बाहेरच्या निळसर कडेला धरले तर आकडा मध्येच का नाचतो.